वाचकांचे प्रश्न : अरबी भाषेतील सिंह आणि त्याची नावे

प्रश्न : अरबी भाषेत सिंहासाठी पाचशे शब्द आहेत, असे विधान अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे आहे का? आणि खरे असल्यास एकाच प्राण्याला इतकी नावे आली कोठून?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : पाचशे हा आकडा कोणी अंदाजाने ठोकून दिलेला नाही, तो सांगणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे. इब्न खालवैह हा दहाव्या शतकातील व्याकरणकार मूळचा इराणातील हमदानचा. त्याचे शिक्षण बगदादमध्ये झाले आणि पुढे तो हलब, म्हणजे आजच्या सीरियातील अलेप्पो, येथे सैफुद्दौला या राजाच्या दरबारी राहिला. हिजरी 370 मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या 980-81 च्या सुमारास, त्याचा मृत्यू झाला. 'मी सिंहाची पाचशे आणि सापाची दोनशे नावे जमवली आहेत', हे त्याचे उद्गार त्याच्याच काळातील कोशकार इब्न फारिस याने नोंदवून ठेवले आहेत. सिंहाच्या नावांची त्याची यादी आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. चौदाव्या शतकात प्राण्यांविषयीचा मोठा कोश रचणाऱ्या दमीरीने आपल्या ग्रंथाचा आरंभ सिंहापासूनच केला, आणि इब्न खालवैहच्या पाचशे नावांत अली इब्न कासिम या भाषापंडिताने आणखी एकशे तीस नावांची भर घातल्याचे सांगितले. लाहोरात 1181 साली जन्मलेल्या आणि 1252 मध्ये बगदादमध्ये निधन पावलेल्या सागानी या कोशकारानेही सिंहाच्या नावांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तेव्हा असा संग्रह करणे हा कोणा एकाचा छंद नव्हता. अरबी कोशपरंपरेतला तो एक मान्य प्रकार होता.

मात्र या पाचशेंपैकी नावे किती आणि विशेषणे किती, हा प्रश्न इब्न खालवैहच्या हयातीतच उपस्थित झाला होता, आणि तोही त्याच्या तोंडावर. सैफुद्दौलाच्या बैठकीत त्याने एकदा सांगितले की, आपल्याला तलवारीची पन्नास नावे पाठ आहेत. तेथे बसलेला अबू अली अल-फारिसी हा व्याकरणकार हसून म्हणाला की, मला एकच नाव ठाऊक आहे, 'सैफ'. मग 'मुहन्नद', 'सारिम' या शब्दांचे काय, असे इब्न खालवैहने विचारताच त्याने उत्तर दिले की, ती विशेषणे आहेत, आणि नाम व विशेषण यांतला भेद शेखसाहेबांच्या लक्षात आलेला दिसत नाही. 'मुहन्नद' म्हणजे हिंदी पोलादाची, हिंदुस्थानच्या धर्तीवर घडवलेली तलवार. 'सारिम' म्हणजे कापणारी. पुढे सुयूती या पंडिताने ही हकीकत आपल्या भाषाविषयक ग्रंथात उतरवून घेतली. सिंहाच्या नावांचा विचार करताना ती सतत डोळ्यांसमोर ठेवावी, असे मला वाटते, कारण आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग तीतच आहे.

अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून ठरावीक साच्यांत घडतात, आणि साचा ओळखता आला की शब्दाचा मूळ अर्थ बराचसा उलगडतो. सिंहाच्या यादीला ही कसोटी लावली की, तिच्यातील शब्द आपोआप गटांत विभागले जातात. पहिला मोठा गट चावण्या-मोडण्याचा आहे. तोंड भरून चावा घेणे या अर्थाच्या 'द-ग-म' धातूपासून 'दैगम' आला. धरून खाली ओढायचे, वाकवायचे आणि मोडायचे, या क्रियेसाठी 'ह-स-र' असा धातू आहे. त्यापासून 'हैसर', 'हसूर', 'मिहसर' अशी अनेक रूपे निघाली. भक्ष्याची मान मोडणे या अर्थाच्या 'फ-र-स' धातूपासून 'फरीसा', म्हणजे भक्ष्य, हा शब्द बनला आणि 'फिरनास', म्हणजे सिंह, हाही शब्द त्याच धातूत 'न' घालून बनला, असे कोशकार सांगतात. दुसरा गट चेहऱ्याचा आणि शरीराचा आहे. 'अश्दक' म्हणजे रुंद जबड्याचा, 'दिरवास' म्हणजे जाड डोक्याचा आणि 'बासिल' म्हणजे उग्र मुद्रेचा. तांबूस-पिवळ्या रंगावरून 'वर्द' हे नाव पडले. गुलाबाच्या फुलालाही अरबीत 'वर्द'च म्हणतात. चालण्यावरून पडलेल्या नावांपैकी 'हमूस' मला विशेष आवडते. 'हम्स' म्हणजे पुटपुटण्याइतका हलका आवाज, आणि पावलांचा आवाज जवळजवळ न करता हळूहळू पुढे सरकणारा तो हमूस. वसतिस्थानावरून 'खादिर' हे नाव आले. 'खिद्र' म्हणजे तंबूत स्त्रियांसाठी लावलेला आडपडदा. दाट झाडीच्या पडद्याआड बसलेल्या सिंहालाही तोच धातू लावला गेला.

या संख्येला फुगवणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, एकाच शब्दाची दोन रूपे वेगवेगळी मोजली जातात. 'हैदर' आणि 'हैदरा', 'अन्बस' आणि 'अन्बसा', 'दिरगाम' आणि 'दिरगामा', अशा जोड्या यादीत पदोपदी भेटतात. शेवटचा 'आ' येथे स्त्रीलिंगाचा नसून अतिशय दाखवणारा आहे, जसा मोठ्या विद्वानाला लावल्या जाणाऱ्या 'अल्लामा' या पदवीत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, आठव्या आणि नवव्या शतकांत भाषापंडितांनी वेगवेगळ्या टोळ्यांकडून शब्द गोळा केले आणि ते सारे एकाच अरबीच्या खात्यावर जमा केले. 'सिरहान' म्हणजे सर्वसाधारण अरबीत लांडगा, पण हुझैल टोळीच्या बोलीत सिंह; 'सीद' या शब्दाचेही तसेच. हुझैलचा माणूस सिंहाला पाचशे नावांनी हाक मारत नव्हता, आणि दुसऱ्या टोळीचाही नव्हता.

तरीही अबू अलीचे म्हणणे व्याकरण म्हणून बिनतोड असले, तरी काव्याच्या व्यवहारात ते पुरे पडत नाही, हे मी आग्रहाने सांगेन. प्राचीन अरबी कवी 'चावणारा सिंह' असे म्हणत नाही. तो नुसते 'दैगम' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सिंह दिसतो. विशेषण एकटे उभे राहू लागले आणि ऐकणाऱ्याला विशेष्याची आठवण करून द्यावी लागली नाही, की ते नाम झाले. आपल्याकडे अमरकोशात सिंहासाठी 'मृगेन्द्र', 'पञ्चास्य', 'हर्यक्ष', 'केसरी', 'हरि' असे शब्द एका ओळीत दिले आहेत. त्यांतला 'केसरी' म्हणजे आयाळ असलेला आणि 'हर्यक्ष' म्हणजे पिंगट डोळ्यांचा. पण 1881 साली निघालेल्या 'केसरी' या वृत्तपत्राचे नाव वाचताना कोणाच्याही मनात आयाळ असलेला दुसरा एखादा प्राणी आला नसेल. इब्न खालवैहला हा फरक कळत नव्हता असे नाही. त्याला कवींची भाषा मोजायची होती.

प्रश्न : विशेषणे बाजूला काढली, तर सिंहासाठी अस्सल जुने शब्द कोणते उरतात? आणि त्यांचे हिब्रू किंवा अन्य भाषांतील शब्दांशी नाते आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : माझ्या मते असे तीन शब्द प्रथम घ्यावेत : 'असद', 'लैथ' आणि 'लबुआ'. त्यांची गोष्ट मात्र तीन वेगळ्या दिशांना जाते.

'लैथ'चे वंशवृत्त सर्वांत स्पष्ट आहे. यातील 'थ'चा उच्चार आपल्या 'थाळी'तल्या 'थ'सारखा नाही. जीभ दातांमध्ये ठेवून सोडलेल्या वाऱ्याचा तो ध्वनी आहे, आणि उर्दूत तो 'स' होतो. अरबीतला हा ध्वनी हिब्रूत नियमाने 'श' होतो आणि अरामीत 'त' होतो. अरबीत बैल म्हणजे 'थौर', हिब्रूत 'शोर', अरामीत 'तौरा'. अरबीत तीन म्हणजे 'थलाथा', हिब्रूत 'शालोश', अरामीत 'त्लाता'. याच नियमाने अरबी 'लैथ'च्या समोर हिब्रूत 'लयिश' आणि अरामीत 'लैता' येतात. हिब्रू बायबलमध्ये 'लयिश' मोजक्याच ठिकाणी, ईयोबाच्या, नीतिसूत्रांच्या आणि यशयाच्या पुस्तकांत, सिंहासाठी येतो. प्राचीन इराकच्या अक्कदी भाषेतला 'नेशु', म्हणजे सिंह, हा शब्दही याच कुळातला असावा, फक्त आरंभीच्या 'ल'चा 'न' झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. होमरच्या काव्यात सिंहासाठी क्वचित येणारा 'लिस्' हा ग्रीक शब्दही सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातील, भाषांतून गेला असावा, असा एक तर्क आहे. अरबी कोशांत 'लैथ'चा आणखी एक अर्थ आहे : जाळे न विणता झडप घालून माशी पकडणारा कोळी. दबा धरायचा, अंतर जोखायचे आणि एका उडीत भक्ष्य गाठायचे, ही त्या इवल्या जिवाची रीत नवव्या शतकातील जाहिझने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात बारकाईने वर्णिली आहे.

'लबुआ' म्हणजे सिंहीण. हाही शब्द फार जुना आहे. अक्कदीत 'लाबु' किंवा 'लब्बु', सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगराच्या भाषेत 'लबु' आणि हिब्रूत 'लावी' हे त्याचे सगोत्र. बेथलेहेमजवळच्या अल-खद्र येथे इसवी सनापूर्वी अकराव्या शतकाच्या सुमाराची बाणांची कांस्याची टोके सापडली, त्यांवर कोरलेल्या नावाचा अर्थ 'सिंहीण-देवीचा दास' असा आहे आणि त्यात हाच शब्द आहे. इतर भाषांत तो नरासाठीही वापरला जातो. अरबीत मात्र तो मादीपुरताच राहिला आणि नराची जागा 'असद'ने घेतली.

आता 'असद'. आजच्या अरबीत सिंहासाठी हाच सर्वांत रूढ शब्द आहे, आणि नेमका तोच भावंडांवाचून उभा आहे, कारण हिब्रू, अरामी किंवा अक्कदीत सिंह या अर्थी तो नाही. दक्षिण अरबस्तानातील, म्हणजे आजच्या येमेनमधील, सबाई शिलालेखांत हीच तीन व्यंजने भेटतात, पण तेथे त्यांचा अर्थ 'माणसे, योद्धे' असा आहे. योद्ध्यांना सिंह म्हटले गेले, की झुंजणाऱ्याचे नाव सिंहाला मिळाले, की हे दोन शब्द मुळातच वेगळे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. टोळीचे नाव म्हणून हा शब्द बराच जुना आहे. दक्षिण सीरियातील नमारा येथे 1901 साली सापडलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या शिलालेखात इम्रुउल-कैस या राजाला 'दोन्ही असदांचा राजा' असे म्हटले आहे. त्या लेखाचा काळ इसवी सन 328 आहे, म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे तीनशे वर्षांचा.

'असद' हे मुळात नाम होते आणि त्यावरून क्रियापद बनले, उलट नव्हे, हे त्याच्या क्रियापदांवरूनच कळते. 'असिदा' म्हणजे 'तो सिंहासारखा झाला'. आणि कोशांत त्याचाच दुसरा, जवळजवळ उलटा अर्थ दिला आहे : 'सिंह पाहून तो भीतीने गांगरला'. दोन्ही अर्थ समोर सिंह आहे असे धरल्याशिवाय लागत नाहीत. हदीससंग्रहांतील, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहांतील, एका प्रसिद्ध कथेत अकरा स्त्रिया आपापल्या नवऱ्यांचे वर्णन करतात, त्यांत एक म्हणते की, तो घरात आला की चित्ता होतो आणि बाहेर पडला की सिंह होतो. 'फहिदा' आणि 'असिदा' ही दोनच क्रियापदे तिला पुरतात. चित्ता हा झोपाळू समजला जाई, एवढे येथे लक्षात ठेवावे.

हिब्रूतील सिंहाचा नेहमीचा शब्द 'अर्ये' आपण कदाचित ऐकला असेल. त्याचा अरबी सगोत्र अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. इथिओपियाच्या प्राचीन गेएझ भाषेत 'अर्वे' म्हणजे कोणतेही हिंस्र किंवा रानटी जनावर. अरबीत 'अर्वा' म्हणजे डोंगरकड्यांवर राहणाऱ्या रानबकऱ्या. 'रानातले जनावर' असा मूळ अर्थ धरला, तर हिब्रूने तो सिंहापर्यंत आणि अरबीने तो बकरीपर्यंत आकसून घेतला, असे म्हणावे लागते. सपाटीवर राहणारा शहामृग आणि कड्यावरची 'अर्वा' यांना एकत्र आणू पाहू नये, अशा अर्थाची एक अरबी म्हणही आहे.

आपल्या संस्कृत 'सिंह' शब्दाशी यांपैकी कशाचेही नाते नाही.

प्रश्न : माझ्या मुस्लिम मित्रपरिवारात असद, हैदर, अब्बास, हमजा, गझनफर आणि झैगम अशी नावे आहेत. या सर्वांचा अर्थ सिंहच आहे, असे मला सांगण्यात आले. एकाच अर्थाची इतकी नावे ठेवण्यामागे काय विचार असावा?
— एक वाचक, परभणी

उत्तर : सर्वांचा अर्थ सिंह, हे कोशाच्या दृष्टीने खरे आहे; पण प्रत्येक नाव आपापल्या वाटेने तेथे पोहोचले आहे, आणि नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बहुधा प्राण्यापेक्षा एखादी व्यक्ती असते.

'हैदर' हे हजरत अलींचे नाव म्हणून सर्वतोमुखी झाले. 628 साली खैबरच्या लढाईत त्यांनी म्हटलेल्या वीरश्रीच्या ओळी प्रसिद्ध आहेत : ज्याचे नाव आईने हैदरा ठेवले तो मी, रानातल्या भयंकर दिसणाऱ्या सिंहासारखा. मूळ ओळीत दुसऱ्या सिंहासाठी 'लैथ' हा शब्द आहे. त्यांच्या आईचे नाव फातिमा बिन्त असद, म्हणजे तिच्या वडिलांचे नावही सिंह. तिने मुलाचे नाव आपल्या वडिलांवरून ठेवले आणि 'हैदरा' हा त्याचाच पर्याय, असे परंपरा सांगते. कोशकार या शब्दाचा संबंध 'ह-द-र' या धातूशी लावतात आणि जाड मानेचा, बळकट बाहूंचा, असा अर्थ देतात. 1591 मध्ये वसवलेल्या हैदराबादचे नाव अलींच्या या नावावरून आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत आपले परभणी त्याच नावाच्या संस्थानात होते.

'अब्बास' म्हणजे सतत कपाळाला आठ्या घालणारा. धातू 'अ-ब-स', आणि येथला 'अ' घशातून काढायचा असतो. सिंहाच्या मुद्रेवरून हे विशेषण त्याला चिकटले. त्याच धातूत 'न' घालून 'अन्बस' बनल्याचे कोशकार सांगतात, आणि मक्केच्या कुरैश टोळीतील उमय्याच्या काही मुलांना 'अनाबिस', म्हणजे सिंह, असे एकत्रित नाव होते. पण गेएझमध्ये सिंहाला 'अन्बसा' म्हणतात आणि इथिओपियाच्या आजच्या अम्हारिक भाषेतही जवळजवळ तेच म्हणतात. जो शब्द लाल समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर सिंहाचे सरळ नाव म्हणून नांदतो, तो आठ्या घालण्याच्या अरबी क्रियापदातून निघाला, ही व्युत्पत्ती मला पटत नाही. आधी शब्द होता आणि मग त्याला घरचा धातू शोधून दिला गेला, हेच अधिक संभवते. आपल्याकडेही यास्काने निरुक्तात 'सिंह' हा शब्द 'सहन', म्हणजे पराभूत करणे, यावरून किंवा 'हिंस्' धातूची अक्षरे उलटून साधला आहे. दोन्ही परंपरांतील पंडितांची, प्रत्येक नामामागे एक क्रिया असलीच पाहिजे, अशी सारखीच श्रद्धा होती.

जाता जाता सांगावेसे वाटते की, नवव्या शतकात कोर्दोबा येथे पंख लावून उडण्याचा प्रयत्न करणाऱ्या अब्बास इब्न फिरनासच्या नावात, मुलगा आणि बाप, असे दोन सिंह आहेत.

'हमजा'चा धातू 'ह-म-ज' हा तिखट, जिभेला झोंबणाऱ्या चवीचा आहे. प्रेषितांचे सेवक अनस इब्न मालिक एक झोंबऱ्या चवीची भाजी खुडत असत, म्हणून त्यांना 'अबू हमजा' हे नाव मिळाले, अशी नोंद आहे. त्यामुळे 'हमजा म्हणजे सिंह' हा अर्थ कोशांत असला, तरी तो तीक्ष्णतेच्या अर्थावरून पुढे सरकलेला आहे. 625 साली उहुदच्या लढाईत मारले गेलेले प्रेषितांचे चुलते हमजा यांना 'अल्लाहचा सिंह' म्हटले गेले, पण त्या पदवीत शब्द 'असद' हाच आहे.

'झैगम' म्हणजे वर सांगितलेला 'दैगम'. अरबीतले ते विशिष्ट जड 'द' फारसी आणि उर्दूत 'झ' होते. 'गझनफर'चेही तसेच, अरबी उच्चार 'गदन्फर', अर्थ थोराड आणि राकट बांध्याचा. 'असद' तर मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे : आदिलशाहीतील बेळगावचा असदखान लारी आणि औरंगजेबाचा वजीर असदखान यांच्यामुळे. मिर्झा गालिब यांचे नावही असदुल्लाह, आणि आरंभी ते 'असद' याच टोपणनावाने लिहीत. शेरखान, शेरअली यांतला 'शेर' मात्र अरबी नाही. तो फारसी आहे.

मुलींच्या नावांपैकी 'हफ्सा'कडेही लक्ष द्यावे. 'हफ्स' म्हणजे सिंहाचा छावा. खलिफा उमर यांना 'अबू हफ्स' म्हणत आणि त्यांच्या मुलीचे नाव हफ्सा होते.

प्रश्न : कुराणात सिंहासाठी 'कसवरा' हा शब्द आला आहे. तो परभाषेतला आहे, असे म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : चौऱ्याहत्तराव्या सूरेतील (अध्यायातील) एक्कावन्नाव्या आयतीत (वचनात) उपदेशापासून पळणाऱ्यांना, 'कसवरा'पासून पळणाऱ्या बुजलेल्या गाढवांची उपमा दिली आहे. हा शब्द कुराणात या एकाच ठिकाणी येतो आणि त्याच्या अर्थाविषयी सुरुवातीपासून मतभेद आहेत. कोणी सिंह म्हणतात, कोणी तिरंदाज, कोणी शिकारी, तर कोणी माणसांचा कोलाहल. बुजलेली रानगाढवे यांपैकी कशापासूनही पळतील, त्यामुळे संदर्भ आपल्याला फारशी मदत करत नाही.

परभाषेचे मत तबरी या भाष्यकाराच्या कुराणभाष्यात नोंदलेल्या एका परंपरेवर आधारलेले आहे. तिच्यात इब्न अब्बास यांच्या तोंडी असे विधान आहे की, सिंहाला अरबीत 'असद', फारसीत 'शार' किंवा 'शीर', नबाती भाषेत 'अर्या' आणि हबशी, म्हणजे इथिओपियाच्या, भाषेत 'कसवरा' म्हणतात. पहिली तीन नावे बरोबर आहेत. नबाती म्हणजे येथे अरामी, आणि तिच्यात सिंह 'अर्या'च. चौथे मात्र जुळत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे हबश्यांचा सिंहासाठीचा शब्द 'अन्बसा' आहे, आणि 'कसवरा'सारखा सिंहवाचक शब्द गेएझ वाङ्मयात मिळत नाही. उलट अरबीत 'क-स-र' हा जबरदस्ती करण्याचा, बळाने नमवण्याचा धातू चांगला रूढ आहे, आणि 'कसवर' हे रूप त्याच्याशी सहज जुळते. त्यामुळे मूळ विशेषण 'नमवणारा' असे असावे, आणि ते सिंहालाही लागू पडावे व शिकाऱ्यालाही, हे मला सर्वांत सयुक्तिक वाटते. भाष्यकारांचे मतभेदही त्यामुळे समजण्यासारखे होतात.

प्रश्न : मी अरबी शिकते. 'उसामा' म्हणजे सिंह असे पुस्तकात आहे, पण त्याला 'अल' लावायचे नाही, असेही सांगितले आहे. असे का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : कारण 'उसामा' हे व्याकरणाच्या दृष्टीने विशेषनाम आहे, आणि तरीही ते एका सिंहाचे नसून साऱ्या सिंहजातीचे आहे. आठव्या शतकातील सीबवैहपासून अरबी वैयाकरण अशा नामांचा वेगळा वर्ग मानत आले आहेत. त्याला 'अलम अल-जिन्स', म्हणजे जातीचे विशेषनाम, म्हणतात. कोल्ह्याला 'थुआला', लांडग्याला 'झुआला' आणि सिंहाला 'उसामा' ही त्याची ठरलेली उदाहरणे. एखाद्या माणसाचे नाव घ्यावे तसे हे नाव घ्यायचे, म्हणून त्याला 'अल' लागत नाही, आणि त्याला पूर्ण विभक्तिप्रत्ययही लागत नाहीत.

याच वर्गात 'अबू'ने सुरू होणारी नावे येतात. सिंहाचे सर्वांत प्रसिद्ध असे नाव 'अबुल-हारिस' आहे. 'हारिस'चा धातू नांगरण्याचा आणि कमावण्याचा असल्याने अर्थ होतो 'कमावत्याचा बाप'. दमीरीने 'अबुल-अब्ताल', म्हणजे वीरांचा बाप, 'अबू शिब्ल', म्हणजे छाव्याचा बाप, आणि रंगावरून 'अबुज-जाफरान', म्हणजे केशराचा बाप, हीही नोंदवली आहेत. गावात वाघाला आदराने 'वाघोबा' म्हणतात, त्या वृत्तीच्या जवळचे हे आहे.

प्रश्न : अरबस्तान वाळवंटी असताना तेथील लोकांना सिंहाची इतकी माहिती कशी असेल? की ही सारी कविकल्पनाच आहे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सिंह वाळूच्या समुद्रात राहत नसला, तरी अरबांच्या प्रदेशात पाणी आणि झाडी असलेल्या जागा होत्या, आणि जुन्या काव्यात सिंह नेहमी गावाच्या नावासह येतो : बीशाचा सिंह, तर्जचा सिंह, खफ्फानचा सिंह, शराचे सिंह. बीशा हे खोरे आजच्या सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागात आहे, तर खफ्फान कूफा शहराजवळ. गुहेसाठी आणि झाडीतल्या दडणासाठी 'अरीन', 'गील', 'खीस', 'अजमा' असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांतले काही बोरू-वेताच्या दाटीचे आहेत. इराकमधील दजला (टायग्रिस) नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या वेतांच्या बनांत सिंह विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होते, आणि ते गीरच्या सिंहाचेच जातभाई होते.

दहाव्या शतकातील कवी मुतनब्बी याने, बद्र इब्न अम्मार या सरदाराने गॅलिलीच्या सरोवराजवळ सिंहाला चाबकाने लोळवल्याच्या प्रसंगावर एक कसीदा, म्हणजे स्तुतिपर दीर्घ कविता, रचला आहे. तो सिंह सरोवरावर पाणी प्यायला आला की त्याची गर्जना फुरात (युफ्रेटिस) आणि नील नद्यांपर्यंत पोहोचते, ही अर्थात कवीची अतिशयोक्ती आहे. पण त्याच कवितेत तो म्हणतो की, सिंह आपल्याच तोऱ्यात, जमिनीवर इतके अलगद पाऊल टाकतो की, जणू रुग्णाची नाडी तपासणारा वैद्य. ही ओळ ज्याने चालणारा सिंह पाहिला आहे किंवा पाहणाऱ्यांकडून नीट ऐकला आहे, त्यालाच सुचू शकते. वर उल्लेखिलेले 'हमूस' हे नावही अशाच नजरेने पडले असणार.

आज इजिप्तमध्ये किंवा मोरोक्कोत सामान्य माणसाशी बोलताना सिंहासाठी आपल्याला बहुधा 'सबअ' हा शब्द ऐकायला मिळेल. अभिजात अरबीत 'सबुअ' म्हणजे कोणतेही मांस फाडून खाणारे श्वापद. कुराणाच्या पाचव्या सूरेत श्वापदाने खाल्लेला प्राणी निषिद्ध ठरवताना हाच शब्द याच व्यापक अर्थाने आला आहे, आणि बोलीत तो आता एकट्या सिंहाच्या नावावर झाला आहे.